मुरमाची वाट आणि सायकलीचा हक्क

अलीकडे आमच्या शहरांतून सायकलीची एक नवी हौस आली आहे. रविवारी पहाटे मोटारीच्या पाठीमागे दोन-तीन सायकली बांधून मंडळी ठाण्याहून, मुलुंडहून, ऐरोलीहून निघतात. कसारा घाट चढून नाशिकच्या अंगाला दिंडोरीच्या वा गंगापूर धरणाच्या बाजूस उतरतात. आणि मग मोटार सावलीत उभी करून द्राक्षमळ्यांच्या कडेने, रानातल्या कच्च्या रस्त्यांनी उन्हे तापेपर्यंत सायकल फिरवतात. या सायकली आपल्या नेहमीच्या सायकलीहून वेगळ्या असतात. मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी खाली वळलेली, पण टायर चांगला दीड इंच रुंद आणि खाचांचा, म्हणजे खडीवर तो घसरू नये. हिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे दुसरे काही नव्हे. आपली खडी, आपला मुरूम. ज्या रस्त्यावर ट्रक नाही, मोटार नाही, भोंगा नाही, अशा मुरमाच्या वाटेने रानातून आणि मळ्यांतून जावे, एवढाच या हौसेचा अर्थ.

या हौसेची टिंगल करण्यासाठी हे व्याख्यान नाही. आठवडाभर यंत्रापुढे किंवा संगणकापुढे बसलेल्या माणसाला मोकळा वारा हवासा वाटला, तर त्यात वाईट काय? परंतु ज्या वाटेला आपण ‘मोकळी’ म्हणतो ती मोकळी कशी झाली, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. निसर्गाने डोंगर दिला, नदी दिली, माती दिली. रस्ता दिला नाही. रस्ता होण्यास तीन गोष्टी लागतात. कोणीतरी दगड फोडावा लागतो. कोणीतरी त्याचा पैसा भरावा लागतो. आणि त्या रस्त्यावर कोणी चालावे, कोणी चालू नये, हे कोणीतरी ठरवावे लागते. सायकलीचा दोनशे वर्षांचा इतिहास या तीन प्रश्नांच्या उजेडात पाहिला, म्हणजे दिंडोरीच्या मुरमाच्या वाटेचा आणि आमच्या ठाणे-बेलापूर रस्त्याचा संबंध किती जवळचा आहे ते ध्यानात येते.

सायकलीचा जन्मच मुळी जंगलखात्यातला आहे. जर्मनीतील बाडेन संस्थानात कार्ल फोन ड्राइस नावाचा वनाधिकारी होता. त्याने १८१७ साली दोन लाकडी चाके एकापुढे एक बसवून, मध्ये बैठक ठेवून, पायांनी जमीन मागे रेटीत पळवायची गाडी केली. त्या वर्षी जून महिन्यात मानहाइम गावातून बाहेर पडून तो जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर अंतर तासाभरात तोडून आला. त्याच्या मागील वर्षी युरोपात उन्हाळा म्हणून पडलाच नव्हता. पिके बुडाली, दाणावैरण महाग झाली आणि घोडे पोसणे कठीण झाले. त्यातूनच बिनघोड्याच्या गाडीची कल्पना निघाली असावी, असे काही इतिहासकार मानतात. पण ड्राइसच्या गाडीला नडला तो रस्ता. घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी रस्ते खणून निघालेले. म्हणून स्वार पादचाऱ्यांच्या पदपथावर चढू लागले, आणि गावोगावच्या अधिकाऱ्यांनी या गाडीवर बंदी घातली. म्हणजे सायकलीने जन्मल्याबरोबर जो पहिला प्रश्न विचारला तो ‘माझी जागा कोणती?’ हाच होता, आणि तिला मिळालेले पहिले उत्तर ‘कोठेच नाही’ हे होते.

त्याच सुमारास, १८१६ साली, इंग्लंडात ब्रिस्टल भागातील रस्त्यांचा कारभार जॉन लाउडन मॅकॅडम याच्याकडे आला. मोठमोठे दगड पायात घालण्यापेक्षा लहान फोडलेल्या खडीचे थर दाबून बसवले तर रस्ता पाणी धरीत नाही, हे त्याचे शास्त्र. खडीचा तुकडा वजनाने सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, अधिक नसावा असा त्याचा दंडक होता. हा दंडक पाळायचा कोणी? रस्त्याच्या कडेला बसून लहान हातोडीने खडी फोडणाऱ्या बायांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी. पुढे इंग्लंडातील अनाथगृहांतून व गरीबगृहांतूनही पोटाला भाकरी देण्याच्या बदल्यात खडी फोडून घेतली जाई. डांबर अजून यायचे होते. ज्या गुळगुळीत खडीच्या रस्त्यांवर पुढे सायकल धावू लागली, ते रस्ते जगातल्या अत्यंत गरीब माणसांच्या हातांनी घडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे बहुधा हेच मिळते.

आजच्या रूपाची सायकल आली ती १८८५ साली. कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीसाठी हवेचा टायर केला. त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना हे सर्व ज्या घरातून निघाले, त्या घराच्या उद्योगाचा पहिला पाया सायकल हा होता. मराठी माणसाच्या यंत्रयुगाचा उंबरठा सायकलीवरून ओलांडला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि, हवेच्या टायराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टायरला रबर लागते. सायकलीच्या भरभराटीने रबराची मागणी एकदम वाढली, आणि आफ्रिकेतील कांगो प्रदेशात बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी अंमलाखाली जंगलातील रबर गोळा करण्यासाठी लोकांवर अमानुष अत्याचार झाले. ठरलेला भार आणला नाही म्हणून माणसांचे हात तोडले गेले. जगभर ओरड झाल्यावर १९०८ साली तो मुलूख राजाच्या हातून काढून बेल्जम सरकारने आपल्याकडे घेतला. युरोपातील स्वार रानावनातून आनंदाने सायकल मारीत होता, तेव्हा त्याच्या चाकाखालचे रबर दुसऱ्या रानातून रक्ताने माखून येत होते. यावरून सायकलीचा त्याग करावा असे आम्ही म्हणत नाही. कोणतीही वस्तू हाताळताना तिच्या मागच्या हातांची आठवण ठेवावी, एवढेच म्हणतो.

सायकल स्वस्त झाली आणि कामगाराच्या दारात आली, तेव्हा तिने एक मोठे काम केले. जर्मनीत १८९६ साली ‘सॉलिडारिटेट’ नावाचा कामगार सायकलस्वारांचा संघ निघाला. पहिल्या महायुद्धापूर्वीच त्याचे सभासद लाखाच्या पुढे गेले होते. ऑफेनबाख येथे त्यांचे स्वतःचे सायकल-भांडार होते, सभासदांसाठी अपघाताची मदत होती. निवडणुकीच्या काळात हीच मंडळी खेडोपाडी पत्रके वाटीत. १९३३ साली नाझींनी सत्ता घेताच या संघावर बंदी घातली, ही गोष्टच त्याचे मोल सांगण्यास पुरेशी आहे. इंग्लंडात १८९४ साली बर्मिंगहॅम येथे ‘क्लॅरियन’ या समाजवादी पत्राच्या नावाने सायकल क्लब निघाला. रविवारी गिरणीतला मजूर सायकलीवर बसून शेतांतून, माळांतून जाई. वाटेत सभा घेई. हौस आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे या लोकांना कधी वाटले नाही. दोन्ही एकाच सायकलीवर डबलसीट बसून जात होत्या.

आता दुसरा प्रश्न: रस्ता कोणी मागितला आणि तो कोणी घेतला? इतिहासाने येथे सायकलीची मोठी थट्टा केली आहे. चांगल्या रस्त्यांची चळवळ मोटारवाल्यांनी सुरू केलेली नाही. तेव्हा मोटार नव्हतीच. अमेरिकेतील सायकलस्वारांचा संघ १८८० साली स्थापन झाला आणि त्याने चांगल्या रस्त्यांसाठी देशभर चळवळ उभारली. इंग्लंडात १८८६ साली सायकलस्वारांच्याच संघांनी रस्ते-सुधारणा मंडळ काढले. त्यांच्या खटपटीने रस्ते सुधारले, त्यांवर डांबर आले, आणि पाठोपाठ मोटार आली. तिने ज्यांच्या मागणीने रस्ता झाला त्यांनाच कडेला ढकलले. घरधन्याने विहीर खणावी आणि पाहुण्याने पोहरा काढून न्यावा, तसे झाले.

त्याच काळात मुंबईच्या तरुणांनी मात्र डांबराची वाट पाहिली नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे इराण, मेसोपोटेमिया आणि सिनाईची वाळवंटे, युरोप, अमेरिका आणि पूर्वेकडील देश पालथे घालून मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून परत मुंबईस पोहोचले. त्यांच्या सायकली साध्या होत्या; वाळूत त्या हाताने ओढाव्या लागल्या, खडकावर त्या खांद्यावर घ्याव्या लागल्या. सायकलीला गुळगुळीत रस्ता लागतो हे खरे नाही. तिला लागते ती सुरक्षित वाट. मुरूम चालतो, पाठीवर येणारा ट्रक चालत नाही.

ही सुरक्षित वाट काही देशांत परत कशी मिळवली गेली, ते पाहण्यासारखे आहे. आज हॉलंडचे सायकलमार्ग पाहून आपले अधिकारी भारावून येतात आणि ‘त्या लोकांची संस्कृतीच तशी’ असे सांगतात. हे अर्धसत्य आहे. १९७१ साली हॉलंडात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. एका मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या पत्रकार बापाने लेख लिहिला. ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभी राहिली. आयाबाप रस्त्यावर बसले, सायकली आडव्या घातल्या. त्यानंतर मार्ग झाले. इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडील कामगार तरुण किंडर स्काउट या जमीनदारांच्या राखीव माळावर बंदी मोडून चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा बेकार मेकॅनिक पोलिसांना चुकवण्यासाठी सायकलीवरून सभास्थानी आला होता. त्याच्यासह पाच जणांना तुरुंगवास झाला. पण १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व माळरानांवर जाण्याच्या हक्काचा कायदा आला. आणि १९६८ च्या कायद्याने, पूर्वी केवळ घोडेस्वारांसाठी व पायी चालणाऱ्यांसाठी असलेल्या कच्च्या वाटांवर सायकलस्वारालाही जाण्याचा हक्क मिळाला. इंग्लंडच्या रानातून आज जो मुरमावरून सायकल मारतो, त्याच्या चाकाखाली एक कायदा आहे आणि त्या कायद्याच्या पाठीशी हक्क मागणाऱ्यांची मोठी परंपरा आहे.

पण सगळ्याच मोकळ्या वाटा चळवळीने मोकळ्या झाल्या नाहीत. काही वाटा माणसे निघून गेल्यामुळे मोकळ्या झाल्या. फ्रान्समधील बर्गंडी या मद्यप्रसिद्ध प्रांतात १९९७ साली झिव्री ते क्लुनी असा सायकलमार्ग द्राक्षमळ्यांच्या कडेने खुला झाला. तो बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावर बांधलेला आहे. त्याच १९९७ साली इटलीच्या टस्कनी प्रांतात, कियांती भागातील गायोले या गावी, ‘एरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तेथील पांढऱ्या मुरमाचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा तिचा हेतू. आज जगभर जी ग्रॅव्हल सायकलीची हौस आहे, तिचे एक मूळ या फेरीत आहे. आता हे पांढरे रस्ते कोणाचे? ते अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळांचे. अर्धे पीक धन्याचे, अर्धे कुळाचे, अशी ती पद्धत शतकानुशतके चालली. या वाटांवरून त्यांच्या बैलगाड्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुळे कारखान्यांतील कामासाठी शहरांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी झाली. शेतघरे ओस पडली आणि वाटा शांत झाल्या. त्या शांततेचे सौंदर्य आम्हांसही कळते. पण ती शांतता म्हणजे एक गाव उठून गेल्याची खूण आहे, हे ध्यानात ठेवले तर त्या वाटेवर माणूस जरा अदबीने सायकल चालवील.

आता आपण आपल्या मुलखात येऊ. महाराष्ट्रातील मुरमाचे रस्ते कोणी केले? याचे उत्तर इतिहासात स्पष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. त्यांत बायकांचा वाटा मोठा होता. पाझर तलाव, बंधारे आणि रस्ते ही मुख्य कामे. खडी फोडणे हे तर दुष्काळाचे दुसरे नावच होऊन बसले. त्या पिढीतील कोणत्याही म्हातारीला विचारा, ती तळहात पुढे करून दाखवील. तासगाव तालुक्यात १९६५ साली वि. स. पागे यांच्या प्रेरणेने जो छोटा प्रयोग झाला होता, त्यातूनच रोजगार हमी योजना आली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे कायद्याने सांगणारे हे देशातील पहिले राज्य.

आणि त्याचा पैसा कोणी भरला? येथे शहरातल्या कामगाराने कान टवकारावेत. या योजनेसाठी १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. आपल्या पगारपत्रकात दरमहा जे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तोच हा कर. आमच्या गेटमीटिंगांत कोणी तरुण कामगार ‘हे पैसे कशाचे?’ असे विचारतो, तेव्हा आम्ही त्यास सांगतो, बाबा, हे गावाकडच्या रोजगार हमीचे. म्हणजे हिशेब असा: हातोडी गावच्या बाईची, पैसा शहरच्या कामगाराचा, आणि त्यातून गावोगावच्या शिवारातून मुरमाचे रस्ते झाले. आज ज्या कच्च्या रस्त्यांवर रुंद टायरची सायकल धावते, त्यांतील अनेक रस्त्यांच्या पोटात ही खडी आहे.

नाशिकचे द्राक्षमळेही असेच पाहिले पाहिजेत. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, ओझर हा भाग द्राक्षांसाठी आधीच प्रसिद्ध होता. परदेशी निर्यातीसाठी १९९१ साली ‘महाग्रेप्स’ ही सहकारी व्यवस्था उभी राहिली, आणि २००१ साली राज्याने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर मद्यनिर्मितीचे कारखाने वाढले. त्याबरोबर पाहुणे आले, हॉटेले आली, सायकली आल्या. नाशिकला सायकलीचे वेड आहे हेही खरे. तेथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. आणि नाशिकहून पंढरपूरपर्यंत सायकलवारीही जाते. पण या मळ्यांत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घडांची विरळणी आणि काढणी करणारे हात बहुतांशी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांतून आलेल्या आदिवासी मजुरांचे आहेत. पहाटे पिकअप गाडीत उभे राहून ते मळ्यात येतात. ज्या रानातून सायकलस्वार जातो, त्या रानात त्यांची कसलेली जमीन आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तिचे दावे आहेत. हेच लोक ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून पायी निघाले, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात आले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. रस्ता सर्वांचा आहे, याचा याहून मोठा धडा आम्ही पाहिला नाही.

तिसरा प्रश्न, म्हणजे रस्त्यावर कोणी चालावे हे ठरवण्याचा, सर्वांत अवघड आहे. आणि त्याचे उदाहरण आमच्या खाडीच्या पलीकडेच आहे. मुलुंडकडून मुंबईत जाणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्या न्यायालयाच्या आदेशाने हटवण्यात आल्या. जलवाहिनीची सुरक्षितता हे त्याचे कारण होते. मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यावर सुमारे ३९ किलोमीटरांचा सायकल व पादचारी मार्ग करण्याची योजना महापालिकेने जाहीर केली. मोटारीविना लांबच लांब मार्ग, कल्पना उत्तम. पण तेथून उठवलेल्या हजारो लोकांना चेंबूरजवळ माहुल येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, घरे देण्यात आली. तेथील हवेने माणसे आजारी पडू लागली, तेव्हा लोकांनी विद्याविहारला रस्त्याच्या कडेस ठाण मांडून आंदोलन केले. अखेर २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर माहुलची सक्ती करता येणार नाही असे सांगून, पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. जलवाहिनी सुरक्षित हवीच, सायकलमार्गही हवाच. पण एकाच्या स्वच्छ हवेसाठी दुसऱ्याला धुरात पाठवावयाचे, हा हिशेब आम्हांस मान्य नाही.

आता आपल्या ऐरोलीकडे येऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूने कारखान्यांची रांग उभी राहिली. १९७० साली सिडको आली. त्यासाठी ९५ गावांच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात बळी पडले. आपण ज्या रस्त्यावर चालतो, त्याची जमीन ही अशी आलेली आहे. १९९९ साली मुलुंड-ऐरोली पूल झाला, २००४ साली ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली. कारखाने एकामागून एक कमी झाले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या.

या बदलाचे सर्वांत खरे मोजमाप आम्ही कारखान्याच्या सायकल स्टँडवर पाहिले. नव्वदीच्या दशकात पाळी सुटली म्हणजे दिघे, रबाळे, घणसोली, कळव्याकडे सायकलींची रांग लागे. नव्या माणसाला युनियनचे पत्रक द्यायचे तर सायकल स्टँडसारखी दुसरी जागा नव्हती. पुढे कायम कामगार मोटारसायकलीवर गेला, मग निवृत्त झाला. आज सायकलीवर दिसतो तो कंत्राटी कामगार, पहारेकरी, दूध-पेपर टाकणारा, सफाईवाला. रात्रपाळीस जाणारा, रेल्वेचा पास आणि रिक्षाचे भाडे दोन्ही परवडत नाही असा. त्याच्या सायकलीची किंमत हौशी माणसाच्या एका टायराइतकी असते. हा माणूस थोडा नाही. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी दर शंभरांत सुमारे तेरा जण सायकलीने कामावर जात होते. आणि २०२२ साली देशात रस्त्यांवर जी १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. ते द्राक्षमळ्यात मेले नाहीत. ते कामाच्या वाटेवर मेले.

मोटारीसाठी आम्ही पूल बांधले, उड्डाणपूल बांधले. सायकलीसाठी मात्र जे केले ते बहुधा टिकवले नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात आखलेला सायकलमार्ग मोटारी उभ्या करण्याच्या कामी आला. याचे कारण उघड आहे. तो मार्ग कोणी लढून मागितलेला नव्हता. म्हणून गेला तेव्हा कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही.

काही मंडळी म्हणतील, गरिबाला सायकल कशाला, त्याला बस द्या. बस द्याच, त्यासाठी आम्हीही झगडतो. पण सायकलीने माणसाला जे स्वातंत्र्य दिले ते बस देत नाही. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ साली साक्षरता चळवळीने बायकांना सायकल शिकवली. दगडखाणींत काम करणाऱ्या बायाही त्यांत होत्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रस्त्यासाठी खडी फोडली, त्या प्रथमच आपल्या चाकावर बसून त्या रस्त्याने गेल्या. सायकलीचा इतिहास एका चित्रात सांगावयाचा झाला तर आम्ही हे चित्र सांगू.

मग करावयाचे काय? ऐरोलीची खाडी आपल्या उशाशी आहे. २०१५ साली ठाणे खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ साली त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. आमच्या एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस तिवरांचे रान. म्हणजे शांत वाटेसाठी दीडशे किलोमीटर मोटार हाकीत जाण्याची गरज नाही. तिवराला धक्का न लावता, डांबर-काँक्रीटचा सोस न धरता, औद्योगिक पट्ट्यातून रेल्वे स्थानकापर्यंत आणि वसाहतींपर्यंत एक दिवाबत्तीची, मोटारबंद मुरमाची पट्टी होणे अशक्य नाही. पहाटे तीवर रात्रपाळीचा माणूस घरी येईल. सकाळी शाळेची मुले जातील. रविवारी रुंद टायरवाले येतील. वाट एकच.

यासाठी हौशी सायकलस्वार आणि कामकरी सायकलस्वार यांनी एकत्र आले पाहिजे. पहिल्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत, कचेरीत त्याचे ऐकले जाते. दुसऱ्याकडे संख्या आहे, आणि गरज आहे. वेगवेगळे राहिले तर पहिल्यास रविवारची वाट मिळेल आणि दुसऱ्यास रोजचा धोका. शंभर वर्षांपूर्वी ऑफेनबाखच्या आणि बर्मिंगहॅमच्या कामगारांनी ही एकी करून दाखवली होती, आणि त्यांच्यापाशी आपल्याहून अधिक काही नव्हते. नाशिकच्या वाटेवर पुढच्या वेळी जे जातील, त्यांनी एकदा उतरून ती खडी हातात घेऊन पाहावी. तिचा पैसा आपल्याच पगारातून गेलेला असेल, आणि तिच्यावर हातोडीचा जो घाव आहे तो कोणा बाईच्या हातचा असेल. मग ऐरोलीला परत आल्यावर, महानगरपालिकेकडे जो अर्ज जाईल त्यावर सही करण्यास त्यांनी यावे. सह्या आम्ही गोळा करतो.